पीएच आणि ऑक्सिजनचा प्रोब: कॅलिब्रेशनचं बटण दाबण्याआधी मिलिव्होल्ट बघा

प्रश्न थोडक्यात असा. यावल तालुक्यात प्लास्टिक अस्तराचं शेततळं, त्यात रोहू, कटला आणि थोडे पंगस. हातात धरायचं मीटर एकच, प्रोब (पाण्यात बुडवायची मोजणीची दांडी) दोन: एक पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणारा, एक विरघळलेल्या ऑक्सिजनचा. पहाटे मीटर ऑक्सिजन साडेचार (मि.ग्रॅ. प्रति लिटर) दाखवतं, तरी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. दुपारी पीएच ८.६ येतो, पण तेच पाणी बाटलीत भरून जळगावला तपासलं तर ८.१ निघाला. त्यात भर म्हणजे ४ च्या बफरवर (पीएच बरोबर ४ असलेलं तयार द्रावण) कॅलिब्रेशन घेताना मीटर ‘एरर’ म्हणतं. प्रोब गेले, की मीटर गेलं, की सगळा सेटच नवीन घ्यायचा?

भाऊ, आधी मासे, मग मीटर. रोहू-कटला पहाटे वर येऊन तोंड मारत असतील तर मीटर काहीही म्हणो, पाण्यात ऑक्सिजन कमी आहे. आज रात्री बारा-एकपासून उजाडेपर्यंत एअरेटर चालू ठेवा. शेतीची थ्री फेज वीज या आठवड्यात दिवसाची असेल तर डिझेल पंपाने तळ्यातलंच पाणी उचलून उंचावरून परत तळ्यात पाडा. संध्याकाळचं खाद्य दोन दिवस बंद. पंगसकडे बघून निदान करू नका. तो मासा सवयीनेच वर येऊन हवा घेतो, ऑक्सिजन भरपूर असला तरी. रोहू-कटला वर आले की समजायचं.

आता मीटर. माझं काम मीटर दुरुस्तीचं आणि कॅलिब्रेशनचं. केळीच्या ड्रिपवाल्यांपासून ते कारखान्यांच्या सांडपाणी प्रकल्पांपर्यंत सगळ्यांचे प्रोब टेबलावर येतात आणि सगळ्यांची एक सवय सारखी असते: आकडा पटला नाही की कॅलिब्रेशनचं बटण. कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. तुम्ही मीटरला फक्त एवढंच सांगता की ‘आत्ता जो सिग्नल येतोय त्याला ७ म्हण’. प्रोब अर्धमेला असला तरी मीटर मुकाट ऐकतं, आणि दोष आकड्याच्या आड जाऊन बसतो. बफरमध्ये बरोबर ७.०० दिसतं म्हणून तुम्ही निश्चिंत, आणि तळ्यात मात्र भलतंच चाललेलं. तुमच्या मीटरने ‘एरर’ दिला ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट आहे. म्हणजे दोष इतका वाढलाय की मीटरही आता हो म्हणायला तयार नाही. म्हणून माझा पहिला नियम: बटण दाबण्याआधी मोडमध्ये जाऊन मिलिव्होल्ट, म्हणजे पीएच प्रोबकडून येणारा कच्चा सिग्नल, बघायचे, ऑक्सिजनला शून्याची चाचणी घ्यायची, आणि दोन्ही वहीत लिहून ठेवायचं.

त्याच्याही आधी पाण्याचा विचार करा, कारण निम्म्या तक्रारींत प्रोब निर्दोष असतो. हिरव्या पाण्याचं शेततळं दिवसभर बदलत असतं. उजेडात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं आणि ऑक्सिजन सोडतं, म्हणून दुपारी तीन-चारला पीएच ९ च्या वर आणि ऑक्सिजन १२-१३ मि.ग्रॅ. प्रति लिटर दिसणं अजिबात नवल नाही. मीटर १६० टक्के संपृक्तता (पाण्यात एरवी मावतो त्याच्या किती टक्के ऑक्सिजन आहे) दाखवतं आणि लोक म्हणतात मीटर वेडं झालं. नाही झालं. रात्री उलटं चालतं: शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ सगळेच ऑक्सिजन ओढतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, आणि सूर्य उगवण्याच्या सुमारास ऑक्सिजन सगळ्यात खाली असतो. श्रावणात तीन-चार दिवस झड लागली, ऊन पडलंच नाही, की ही पहाट जास्त वाईट जाते.

तुमच्या ८.६ आणि ८.१ चं भांडणही यातच सुटतं. बाटलीतलं पाणी अंधारात, उन्हात तापलेल्या डिकीतून, काही तासांनी तपासलं गेलं. बाटलीतलं शेवाळ श्वास घेतच होतं. पीएच उतरणारच. दोन्ही मीटरं बरोबर असूनही अर्ध्या अंकाचा फरक सहज येतो. पीएच तळ्याच्या काठावरच मोजायचा आणि ऑक्सिजन तर तळ्याच्या आतच. बोअरच्या पाण्याचंही असंच: बोअरमधून निघताना ७.१, आणि तेच पाणी बादलीत अर्धा तास ढवळलं की ८ च्या जवळ, कारण खोलातून आलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. बोअरच्या ताज्या पाण्यात ऑक्सिजन नावालाच असतो. त्याने तळं भरताना मीटर खाली आलं तर मीटरला दोष देऊ नका, पाणी वरून पाडा.

पाण्याची शंका फिटली की मीटर आणि प्रोब वेगळे करायचे. पीएचच्या प्रोबची वायर मीटरला गोल फिरवून बसवायच्या बीएनसी पिनने जोडलेली असते. प्रोब काढा. मीटरच्या सॉकेटमधलं मधलं भोक आणि बाहेरची धातूची कड यांना कागदाची पिन किंवा तारेचा तुकडा लावून जोडा. मीटरने शून्य मिलिव्होल्ट, एक-दोन इकडेतिकडे, आणि पीएच ७ च्या आसपास स्थिर दाखवायला हवं. दाखवलं, म्हणजे मीटरचा आतला भाग बहुतेक ठीक आहे, दोष तारेत किंवा प्रोबमध्ये. आकडा नाचला किंवा शंभरच्या पुढे गेला तर मीटर दुरुस्तीला. मोजून दोन मिनिटांचं काम आहे. पेनासारखं छोटं मीटर असेल तर ही चाचणी होत नाही. त्याचे बटणसेल बदला आणि पुढे चला.

आता प्रोब परत लावा. ७ चा आणि ४ चा ताजा बफर दोन स्वच्छ छोट्या कपांत घ्या, सावलीत. बाटलीत प्रोब बुडवायचा नाही आणि वापरलेला बफर बाटलीत परत ओतायचा नाही. मीटर मिलिव्होल्टवर ठेवा. चांगला प्रोब ७ मध्ये शून्याच्या जवळ येतो. अधिक-उणे ३० पर्यंत मी चालवून घेतो. ४ मध्ये तो अधिक १७० ते १८० च्या घरात जातो. १० च्या बफरमध्ये तेवढाच उणे. नियम असा की २५ अंशाला दर पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट, ३० अंशाला सुमारे ६०, आणि ४० अंशाला ६२. हा निसर्गाचा आकडा आहे, कंपनीचा नाही, म्हणून कुठल्याही प्रोबला लावता येतो.

समजा तुमच्या प्रोबने ३० अंशाला ७ मध्ये उणे १२ आणि ४ मध्ये अधिक १३५ दिले. फरक १४७. तीन पीएचने भागा, ४९ आले. यायला हवे होते ६०. म्हणजे प्रोबची ताकद ८२ टक्क्यांवर आलीय. याला स्लोप म्हणतात. ९२ ते १०२ टक्के असेल तर उत्तम, ९० च्या खाली गेला तर साफसफाई, आणि ८५ च्या खाली बरीच मीटरं ‘एरर’ देतात. तुमचं मीटर ४ ला अडतंय ते बहुधा इथेच. आणि ७ चं कॅलिब्रेशन मात्र बिनतक्रार होतंय, कारण ७ ला स्लोपचा प्रश्नच येत नाही. याचा तळ्यावर परिणाम काय? अशा प्रोबवर फक्त ७ चं कॅलिब्रेशन घेऊन तुम्ही ८.६ वाचता, तेव्हा ७ च्या वरच्या १.६ ला ०.८२ ने भागायला हवं. खरा पीएच ९ च्या अगदी जवळ निघतो. हा फरक किरकोळ नाही. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी माशाला विषारी असणारा भाग ३० अंशाला पीएच ८ वर साडेसात टक्क्यांच्या आसपास असतो, ८.६ वर जवळपास पाव, आणि ९ वर ४५ टक्क्यांच्या घरात. अमोनियाची किट एकच आकडा देते. त्यातला किती मारक हे तुमचा पीएच ठरवतो.

दोन्ही बफरमध्ये मिलिव्होल्ट जवळपास एकच आले, शून्याच्या आसपास, तर मामला वेगळा. एक तर प्रोबच्या टोकाच्या काचेच्या बल्बला केसासारखी चीर गेलीय, नाही तर पिनमध्ये किंवा तारेत ओल शिरलीय. काचेच्या बल्बचा विजेला होणारा रोध शेकडो मेगाओहमपर्यंत असतो, त्यामुळे पिनवरची घामाची बोटंसुद्धा सिग्नल खाऊन टाकतात. पिन स्पिरिटने पुसा, तासभर कोरड्या गरम हवेत ठेवा, पुन्हा बघा. पावसाळ्यात निम्मे ‘मेलेले’ प्रोब एवढ्यावर उठून बसतात. चीर असेल तर तो प्रोब टाकायचाच, त्याला औषध नाही. बल्ब उजेडात धरून फिरवा, चीर चमकते.

तिसरा प्रकार: आकडे बरोबर दिशेने जातात पण पोचायला दोन-तीन मिनिटं घेतात, आणि ढवळलं की एक, थांबलं की दुसरा. इथे काच बरी, पण जंक्शन तुंबलेलं असतं. जंक्शन म्हणजे बल्बच्या बाजूला दिसणारा बारीक पांढरा ठिपका किंवा कडं. त्यातून आतलं पोटॅशियम क्लोराइड थेंबाथेंबाने पाण्याशी संबंध ठेवतं. काळ्या मातीचं गढूळ पाणी आणि शेवाळाची साय त्यावर बसते. पावसाच्या पाण्याने नुकतंच भरलेलं तळं असेल तर क्षारही कमी असतात, त्यात प्रोब तसाही हळू चालतो. तेव्हा तेवढी मुभा द्या.

साफ करताना जे बसलंय त्याप्रमाणे औषध. आपल्याकडचं पाणी जड, म्हणून बल्बवर पांढरट थर येतो: पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, ०.१ नॉर्मल, त्यात पाच-दहा मिनिटं. ते नसेल तर किराणा दुकानातला पांढरा व्हिनेगर. शेवाळाची बुळबुळ असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. डेअरी किंवा डाळ मिलच्या सांडपाण्यात प्रथिनं बसतात, त्याला पेप्सिन घातलेलं आम्ल लागतं. जंक्शन काळं पडलं असेल तर गाळातल्या हायड्रोजन सल्फाइडने आतल्या चांदीचं सल्फाइड झालेलं असतं. त्यासाठी आम्लातलं थायोयुरिया मिळतं. प्रत्येक उपायानंतर धुवून निदान तासभर, जमलं तर रात्रभर, तीन मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. मगच परत मिलिव्होल्ट बघा. वरच्या उदाहरणातला प्रोब सफाईनंतर उणे ८ आणि अधिक १६५ वर आला तर फरक १७३, स्लोप ९६ टक्के. आता कॅलिब्रेशनचं बटण दाबायला माझी हरकत नाही. सफाई करून रात्रभर भिजवूनही ८५ च्या वर जात नसेल तर म्हातारपण समजा. रोज वापरातल्या पीएच प्रोबला एक-दोन वर्षं आयुष्य असतं, त्यापुढचं बोनस.

बल्ब कधीही फडक्याने घासायचा नाही, टिश्यूने टिपायचा. बल्बमध्ये हवेचा बुडबुडा दिसला तर जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरला देतो तसा एक झटका खाली. भरायचा प्रोब (आतलं द्रावण परत भरता येतं असा) असेल तर वरचं रबरी बूच मोजताना उघडं हवं आणि आतल्या द्रवाची पातळी बाहेरच्या पाण्यापेक्षा वर. टोपणात जमलेलं पांढरं मीठ बघून घाबरू नका, ते पोटॅशियम क्लोराइडच आहे, पाण्याने जातं. आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये प्रोब साठवण्याची जी प्रथा पडलीय ती बंद करा. डिस्टिल्ड वॉटर धुवायला चांगलं, साठवायला वाईट. ते आतले क्षार ओढून घेतं. साठवणीचं द्रावण संपलं असेल तर ४ चा बफर, तोही नसेल तर नळाचं पाणी चालेल.

आपल्याकडे प्रोबचा सगळ्यात मोठा वैरी वैशाखातलं ऊन. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो आणि मीटर मोटरसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेलं असतं. टोपणातलं पाणी दोन दिवसांत उडतं, बल्ब कोरडा पडतो, जेलचा प्रोब (आत द्रावणाऐवजी जेल भरून बंद केलेला) आतून आटतो. बफरही बिघडतात, त्यातही १० चा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू उतरतो. झाकण उघडं राहिलेली १० ची बाटली म्हणजे चुकीचं वजन मारलेलं माप. म्हणून १० साठी एकदा वापरून टाकायची छोटी पाकिटं घ्या. आणि घ्याच, कारण तुमचं पाणी ७.५ ते ९.५ मध्ये फिरतंय. ७ आणि ४ वर कॅलिब्रेशन घेऊन ९ मोजणं बरोबर नाही. तुम्ही ७ आणि १० वर घ्या, ४ फक्त तपासणीला ठेवा. ड्रिपमध्ये आम्ल सोडणाऱ्या केळीवाल्यांनी उलट करावं. बफरचा आकडा तापमानाने बदलतो हेही ध्यानात असू द्या: २५ अंशाला १०.०१ असलेला ४० अंशाला ९.८९ च्या आसपास असतो. बाटलीवर तक्ता छापलेला असतो, तो बघा.

तापमानावरून आठवलं. या दोन प्रोबांच्या मागे एक तिसरा सेन्सर असतो, तापमानाचा, आणि त्याच्याकडे कोणीच बघत नाही. पीएचमध्ये तो दहा अंश चुकला तरी ७ पासून तीन अंक दूर जाऊन सुमारे ०.१ चाच फरक पडतो. ऑक्सिजनमध्ये मात्र प्रोबच्या टोकाच्या पातळ पडद्यातून वायू शिरण्याचा वेग दर अंशाला ३ ते ४ टक्क्यांनी बदलतो. पाच अंशांची चूक म्हणजे आकडा पाच-सहा हिश्श्यांतला एक हिस्सा इकडेतिकडे. ग्लासात कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घ्या, ढवळा, प्रोब दहा मिनिटं ठेवा. शून्याच्या जवळ यायला हवं. अंगणातल्या माठातल्या पाण्यात साधा थर्मामीटर आणि मीटर शेजारी शेजारी धरा. एवढी परीक्षा पुरते.

आता ऑक्सिजनच्या प्रोबकडे, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे. आधी प्रकार ओळखा. चालू केल्याबरोबर आकडा देतो तो बहुधा गॅल्व्हॅनिक. चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबायला सांगतो तो पोलॅरोग्राफिक; त्या आधी घेतलेला आकडा जास्तच येतो, तो धरू नका. टोकाला पातळ पडद्याऐवजी रंगीत थराची टोपी आणि आत निळा किंवा हिरवा प्रकाश लुकलुकतो तो ऑप्टिकल. पहिले दोन प्रकार मोजताना स्वतःच ऑक्सिजन खातात, म्हणून त्यांच्या तोंडाशी पाणी हलतं हवं. स्थिर पाण्यात धरून ठेवले की आकडा हळूहळू उतरत राहतो. प्रोब सावकाश पुढेमागे हलवत राहा. पण एअरेटरच्या फेसातही धरू नका. एक बुडबुडा पडद्याला चिकटला की मीटर हवेचा ऑक्सिजन दाखवतं, पाण्याचा नाही.

हवेतलं कॅलिब्रेशन सावलीत घ्यायचं. टोपणात ओला स्पंज ठेवा, पडदा मात्र कोरडा टिपलेला हवा, थेंब नको. प्रोब आणि हवा एका तापमानाला येईपर्यंत दहा मिनिटं जाऊ द्या. उन्हात तापलेला धातूचा प्रोब लगेच कॅलिब्रेट केला तर तो दिवस वाया. मीटर उंची विचारत असेल तर जळगावसाठी २१० मीटर टाका. समुद्रसपाटीला संपृक्त गोड्या पाण्यात २५ अंशाला ८.२६, ३० अंशाला ७.५६ आणि ३५ अंशाला ६.९५ मि.ग्रॅ. प्रति लिटर ऑक्सिजन मावतो. आपल्या उंचीला यातून अडीच टक्के वजा करा, म्हणजे ३० अंशाला ७.४ च्या आसपास. तोरणमाळच्या यशवंत तलावावर मोजायला गेलात तर मात्र साडेअकराशे मीटर उंची धरावी लागेल आणि तिथे १३ टक्के वजा होतात.

एवढं करून हवेत १०० टक्के दिसलं म्हणजे प्रोब बरा झाला असं नाही. तो एक टोक झाला. माशाचं मरण दुसऱ्या टोकाला असतं, शून्याच्या बाजूला, आणि तिकडची परीक्षा कोणी घेत नाही. १०० मि.ली. पाण्यात चहाचा चमचाभर, साधारण ५ ग्रॅम, सोडियम सल्फाइट विरघळवा. दुकानात सल्फाइटच मागा. सल्फेट हातात पडलं तर काहीच होणार नाही. त्यात चिमटीभर कोबाल्ट क्लोराइड टाकलं तर काम लवकर होतं, हात लावू नका एवढंच. अरुंद तोंडाची बाटली काठोकाठ भरा, प्रोब आत उतरवा, हवा मिसळेल असं ढवळू नका. पाच-दहा मिनिटांत आकडा ०.२ च्या खाली यायला हवा.

समजा तुमचा ३.४ वरच अडला. म्हणजे ऑक्सिजन नसतानाही प्रोब तेवढा वीजप्रवाह, म्हणजे सिग्नल, देतोय. आता तुमच्या पहाटेच्या साडेचारचा हिशेब मांडा. वरचं टोक ७.४ ला बांधलेलं, खालचं ३.४ ला, म्हणजे मीटरच्या फक्त ४ अंकांत खरा ७.४ चा पल्ला कोंबलाय. साडेचारमधून ३.४ गेले, उरले १.१. त्याला ४ ने भागून ७.४ ने गुणा: खरा ऑक्सिजन २ च्या आसपास. रोहू-कटला उगाच वर येत नव्हते. दुपारी मात्र हाच प्रोब फार चुकत नाही, कारण वरचं टोक जुळवलेलं आहे. म्हणून लोकांना वर्षभर पत्ता लागत नाही.

बऱ्याच मीटरांत शून्य कॅलिब्रेशनचं बटण असतं. इथे ते दाबू नका. ३.४ ला शून्य म्हणायला लावलं तर आजचा आकडा जुळेल, पण गळती उद्या वेगळी असेल. गळतीचं कारण काढा. टोपी उघडा, पडदा भिंगाखाली बघा. टाचणीएवढं भोक किंवा सुरकुती असेल तर नवीन पडदा. पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकला असेल तरीही शून्य येत नाही. इलेक्ट्रोलाइट (पडद्याखालचं द्रावण) भरताना टोपी तिरकी धरून, हलकं टिचकी मारून बुडबुडे वर येऊ द्या, मग सावकाश फिरवा, थोडं द्रावण बाहेर सांडलं पाहिजे. गॅल्व्हॅनिक प्रोबच्या काही द्रावणांत कॉस्टिक असतं, हातमोजे घाला. मधला छोटा चकचकीत ठिपका म्हणजे कॅथोड. पोलॅरोग्राफिकमध्ये सोन्याच्या कॅथोडवर चांदीचा करडा थर चढतो आणि तोच खोटा प्रवाह देतो. प्रोबबरोबर आलेल्या बारीक पॉलिश कागदानेच तो अलगद घासा, पाण्याचा पॉलिश पेपर लावून सोनं उडवू नका. भोवतीची चांदी काळी पडली असेल तर परत हायड्रोजन सल्फाइड; प्रोब गाळात टेकवला जातोय.

उलटा दोषही असतो: शून्य नीट येतं पण हवेत १०० पर्यंत पोचतच नाही किंवा कॅलिब्रेशन नाकारतं. तिथे इलेक्ट्रोलाइट संपलंय, पडद्यावर शेवाळ बसलंय, नाही तर गॅल्व्हॅनिकचा अ‍ॅनोड (कॅथोडच्या जोडीचा दुसरा धातू) झिजलाय. गॅल्व्हॅनिक प्रोब पेटीत पडून असतानाही झिजत राहतो, म्हणून ‘वापरला कुठे’ हे कारण चालत नाही.

ऑप्टिकलवाल्यांना पडदा-द्रावणाची कटकट नाही आणि हायड्रोजन सल्फाइडचाही त्रास नाही, पण टोपीचा थर वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागतो, उन्हात उघडा ठेवला तर लवकर मरतो आणि स्पिरिटने पुसला तर त्याच दिवशी. नवापूरकडे उकाईच्या फुगवट्यात पिंजऱ्यांमध्ये खोलवर मोजायचं असेल तर मी ऑप्टिकलच घ्या म्हणेन, तिथे खाली प्रोब हलवत बसता येत नाही.

आणखी एक शक्यता तुमच्या बाबतीत तपासाच, कारण मीटर एक आणि प्रोब दोन आहेत. दोन्ही एकाच वेळी पाण्यात असताना पीएच वेगळा येतो आणि ऑक्सिजनचा प्रोब बाहेर काढला की पीएच सरकतो, असं होत असेल तर मीटरच्या आत दोन सर्किटं एकमेकांपासून वेगळी केलेली नाहीत. दुरुस्तीत पडू नका, एका वेळी एकच प्रोब बुडवा. आकडा तळ्यात नाचतो पण प्लास्टिकच्या बादलीत त्याच पाण्यात शांत राहतो, तर मोटर किंवा एअरेटरची वीज पाण्यात उतरतेय; मीटर पॉवर बँकेला किंवा चार्जरला लावलेलं असेल तर हे जास्त दिसतं. अशा वेळी मीटर राहू द्या. मेन स्विच बंद करा, वायरमनला बोलवा, आणि तोवर तळ्यात कोणी उतरू नका.

शेवटी साक्षीदार. दोन मीटरं भांडतात तेव्हा तिसरं मीटर आणू नका, विंकलरची किट आणा, म्हणजे रसायनांचे थेंब टाकून ऑक्सिजन मोजायची. तीन-चारशे रुपये जास्त गेले तरी चालतील, पण ती बॅटरीवर चालत नाही हा तिचा गुण. बाटली पाण्याखालीच काठोकाठ भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइडचे थेंब टाकायचे, बुडबुडा न राहता बूच लावून उलटसुलट करायची. पांढरा साका बसला तर ऑक्सिजन जवळपास नाही. तपकिरी बसला तर आहे, जितका गडद तितका जास्त. पुढे आम्ल टाकून थायोसल्फेटचे थेंब मोजले की आकडा निघतो, २०० मि.ली. नमुन्याला ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट वापरलं तर जितके मि.ली. लागले तितके मि.ग्रॅ. प्रति लिटर. अझाइड विष आहे, मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका आणि उरलेलं तळ्यात ओतू नका. पहाटे साडेपाचला मीटर पाण्यात आणि शेजारीच ही बाटली, एवढं एकदा केलंत की मीटरवर किती भरवसा ठेवायचा ते तुमचं तुम्हाला कळेल.

खरेदीचं म्हणाल तर सगळा सेट बदलू नका. पिन लावून शून्य मिलिव्होल्ट दाखवत असेल तर मीटर ठेवा. ऑक्सिजनच्या प्रोबसाठी पडद्याच्या टोप्या आणि इलेक्ट्रोलाइटची बाटली एवढंच आणा. त्यानंतरही शून्य चाचणीत अर्ध्या अंकाच्या खाली येत नसेल तर प्रोब बदला. पीएच प्रोब आधी व्हिनेगर, मग रात्रभर पोटॅशियम क्लोराइड, आणि सकाळी मिलिव्होल्ट. ९० टक्क्यांच्या वर आला तर हा हंगाम काढेल. नवीन घ्यावाच लागला तर भरायचा घ्या, बंद जेलचा नको. आपल्या उन्हात जेलवाला आटला की त्यात काहीच करता येत नाही. पिन बीएनसीच आहे ना ते बघा, आणि पाकिटावर बनवल्याची तारीख वाचून घ्या. न वापरलेला प्रोबही कपाटात म्हातारा होतो, आणि दुकानदार आधी जुना माल काढतो.